आबांच्या लांब फळ्या

"हात वर करा बघू."

नवीन माणूस भेटला की आबा आधी हे म्हणत. नमस्कार त्याच्यानंतर. समोरचा गोंधळून हात वर करी. आबा दोन पावलं मागे सरून, एक डोळा बारीक करून त्याच्या मनगटाची उंची बघत. मग पुढे येऊन त्याच्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवत, त्याला खाली दाबत आणि गुडघे कसे वाकतात ते न्याहाळत. एवढं झालं की निकाल देत, "साडेसहा फुटी. मऊ. बसा आता, च्या घ्या."

माझे सासरे पहिल्यांदा लोणावळ्याला आले तेव्हा त्यांनाही स्टेशनाबाहेर असंच हात वर करून उभं राहावं लागलं. सासूबाईंना वाटलं, साध्या वेशातले पोलीस आहेत. त्यांनी घाईघाईनं पिशवीतून रेल्वेची तिकिटं काढून दाखवली.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, की ज्याला जगात एकच गोष्ट मनापासून येते आणि ती त्या गावात कुणाच्या उपयोगाची नसते. आबांना येत होतं बर्फावरून घसरणं. मूळचे ते आंदर मावळातल्या एका वाडीचे. फौजेत गेले, काश्मीरच्या बाजूला नेमणूक झाली, आणि तिथं साहेबांनी त्यांच्या पायांना स्की बांधल्या. पुढे कित्येक वर्षं ते जवानांना तेच शिकवत होते. कुणाला कुठली स्की द्यायची, हे ठरवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं ते स्वतःच सांगत. स्की हा शब्द मात्र त्यांनी कधी वापरला नाही. ते 'फळ्या' म्हणत, म्हणून आम्हीही फळ्याच म्हणत असू.

पेन्शन घेऊन ते परत आले आणि तुंगार्लीच्या बाजूला मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्याची देखभाल करू लागले. योगायोग असा, की शेठजी तरुणपणी परदेशात शिकलेले, त्यांनी चार जोड फळ्या आणून ठेवलेल्या. दर थंडीला मुलांना घेऊन काश्मीरला जायचं असा बेत होता. मुलं मोठी होऊन परदेशी गेली, बेत तसाच राहिला आणि फळ्या बंगल्यामागच्या खोलीत पडून राहिल्या. शेठजी आबांना म्हणाले, "वापरा तुम्ही. नाहीतर वाळवी तरी खाईल." त्या दिवशी आबांनी देवाला नारळ फोडला. शेठजींनाही फोडला असता, पण ते मुंबईला निघाले होते.

मी रेल्वेच्या कचेरीत जमाखर्चाच्या टेबलावर होतो. रविवारी डोंगर चढणाऱ्या आमच्या आठ-दहा जणांच्या मंडळाचा हिशेबही माझ्याकडेच असे. आबा आम्हाला येऊन मिळाले ते सरळ गुरू म्हणूनच. मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'मऊ' ठरवलं. ते बदलावं म्हणून मी पुढे पुष्कळ उठाबशा काढल्या, पण निकाल कायम राहिला.

चार जोडांपैकी तीन साधे होते. चौथा खुद्द शेठजींचा: लांब, ताठ, दोन्ही बाजूंना पोलादी कडा, वेगासाठीच केलेला. आबा त्या दोन फळ्या पाठीला पाठ लावावी तशा तळाला तळ लावून धरत. टोकं टेकत, मधे फट राहत असे. "दाबा," ते म्हणत. मी दोन्ही हातांनी दाबलं तरी फट मिटत नसे.

"बघा. ह्यो शर्यतीच्या घाटात पळणारा खोंड हाय," आबा सांगत. "कासरा धरणाऱ्याच्या दंडात जोर आसंल तर बारी मारून दील. न्हाईतर फरफटत नील. आन् ही मऊ फळी म्हंजी म्हातारी गाय. लय पळायची न्हाई, पण सांजच्याला घरी आणून सोडंल."

"मग सगळ्यांनी गायच घ्यावी," मी म्हणालो.

"तसं न्हाई. जोरकस मानसानं मऊ घेतली की कडक बर्फावर ती थरथरती, कड धरीत न्हाई. फळीनं मानसाला न्हाई वाकवायचं, मानसानं फळीला वाकवायचं. ज्याला जेवढी वाकंल तेवढी."

बर्फ नसताना हे शिकवायचं कसं? आबांनी ते भातावर भागवलं. भाताची झोडणी झाली की त्यांच्या वाडीच्या वरच्या उताराच्या पडीक तुकड्यावर ते पेंढा पसरत. वाळलेला पेंढा चांगला निसरडा असतो. आम्ही एस.टी.नं जमेल तितकं जाऊन पुढे तंगडतोड करत तिथं पोचत असू आणि दिवसभर पेंढ्यावरून घसरत, बहुधा फळ्यांशिवायच. आबांचा धाकटा भाऊ बांधावर उभा राहून कपाळ बडवून घेई. "गुरांच्या तोंडचा चारा," तो ओरडे, "लोणावळेवाल्यांच्या ढुंगनाखाली घालतोय ह्यो! फौजंनं पेन्शन दिली, पण अक्कल ठिवून घेतली."

आबा त्याला शांतपणे म्हणत, "हात वर कर."

हौसा आली ती त्या बांधावरूनच. त्यांच्या शेजारच्या घरची मुलगी. लोणावळ्यात मावशीकडे राहून अकरावी झालेली, आणि मुलींच्या एका शाळेत कुणाच्या तरी रजेपुरती खेळाची बाई म्हणून लागलेली. उंचीनं बेताची, अंगानं शिडशिडीत. दोन रविवार ती नुसती उभी राहून बघत होती. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "आबा, मी बगू का एकदा?"

आबांनी हात वर करायला लावला, खांदे दाबले. "सहा फुटी. मऊ."

पातळाचा काचा मारून, पायांत फळ्या बांधून ती उभी राहिली आणि सरळ खाली गेली. पडली नाही. पेंढा संपला तेव्हा थांबली, आणि मागे वळून म्हणाली, "आणिक हाय का?"

आबा त्या दिवशी खूप हसले. परत येताना मला म्हणाले, "ही पोरगी बर्फावर गेली पायजे."

तशी संधी आलीही. आबांचे एक जुने साहेब काश्मीरमध्ये तरुणांसाठी महिन्याभराचं शिबिर चालवू लागले होते. त्यांनी आबांना मदतीला बोलावलं आणि दोन होतकरू मुलं आणायला सांगितलं. मुलगी असली तर अधिक चांगलं, कारण मुलींना शिकवायला बाया मिळत नव्हत्या. शिबिराच्या परीक्षेत वरचा दर्जा मिळाला की पुढचा शिक्षकाचा अभ्यासक्रम, आणि तो झाला की तिथंच नोकरी. खालचा दर्जा मिळाला की नुसतं प्रमाणपत्र.

हौसाच्या वडिलांना विचारायला मी आबांबरोबर गेलो होतो. माणूस अडमुठा नव्हता. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"आबा, आंबीचं एक ठिकाण सांगून आलंय," ते म्हणाले. "वैशाखापातूर थांबा म्हन्तो त्यांना. पोरगी वरच्या दर्जात आली, नोकरी लागली, तर मी लग्नाचं नाव काढायचा न्हाई. तिचं नशीब. न्हाई आली तर वैशाखात अक्षता. पण एक सांगतो, तिचा पाय मोडला तर लंगड्या पोरीला कोण करून घील?"

"जशी नेतो तशी आणून देतो," आबा म्हणाले, आणि त्यांनी तुळशीवर हात ठेवला.

मी आकड्यांचा माणूस आहे, माणसांच्या मनातलं मला फारसं कळत नाही. पण नंतर विचार करताना मला वाटत आलंय, की आबांचं माप बिघडलं ते त्या तुळशीपाशी.

निघायच्या आदल्या दिवशी बंगल्यामागच्या खोलीत फळ्या निवडायचं काम चाललं होतं. दुसरा मुलगा वळवणचा, तालमीतला, दारातून आत यायला वाकावं लागेल असा. आबांनी त्याचा हात वर करून बघितला, खांदे दाबले, ते दबेनात. आबा खूष झाले आणि त्यांनी शेठजींच्या लांब फळ्या त्याच्या हवाली केल्या. हौसाला सहा फुटी, मऊ.

हौसा त्या लांब फळ्यांच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाली, "आबा, ह्या मला दिऊन बगा की. पैलवानदादाला दुसऱ्या द्या."

"त्या तुला न्हाई झेपायच्या."

"पायात घालून तरी बगू?"

"न्हाई म्हन्लं ना! बापाला तुझ्या काय सांगू मी?"

पैलवान म्हणाला, "घे की गं माझी तालमीतली गदा पण. तीबी फिरव." सगळे हसले. हौसाही हसली, आणि तिनं आपल्या मऊ फळ्या गोणपाटात बांधायला घेतल्या.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काही आबांनी सांगितलं, काही पैलवानानं. दोघांचं जुळतं तेवढंच लिहितो.

पैलवानाच्या दंडात जोर होता, तो गुडघ्यात उतरत नव्हता. लांब फळ्यांनी त्याला पहिल्या दिवशी एका झाडाकडे नेलं, दुसऱ्या दिवशी शिबिराच्या तंबूत. तिसऱ्या दिवशी त्यानं त्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्या आणि तिथल्या साध्या फळ्या मागून घेतल्या. म्हणजे तेव्हापासून त्या मोकळ्याच होत्या. हौसा रोज त्यांच्या समोरून जाई. आठवड्याभरात ती बरोबरच्यांच्या पुढे गेली होती. तिनं आणखी एकदा आबांना विचारलं. आबांचं उत्तर तेच: "मऊवर चाललंय न्हवं झ्याक? मंग कशाला?"

परीक्षेच्या सकाळी रात्रीचा बर्फ गोठून काचेसारखा झाला होता. हौसा उतारावर निघाली तेव्हा सगळ्यांत वेगात होती. आणि तिथंच मऊ फळ्या थरथरायला लागल्या. कडा धरेनात. शेवटच्या वळणावर दोन्ही पाय बाजूला निसटले आणि ती निशाणाच्या बाहेर जाऊन थांबली. अंगाला खरचटलंसुद्धा नाही. दर्जा खालचा.

दुपारी बाकीचे चहाला गेले. आबा भांडी विसळत होते, त्यांनी सहज वर पाहिलं. उतारावरून एकटी हौसा येत होती. पायांत लांब फळ्या. ही गोष्ट सांगताना आबा दर वेळी इथं थांबत आणि तळहात पुढे करून हवेत एक रेघ ओढत. "रुळावरून गाडी यावी, तशी आली," ते म्हणत. "जिथं सकाळी घसरली त्या वळणाला तिनं फळीला असं वाकिवलं… असं मी माझ्या पलटनीत दोघा-तिघांना बगितलं आसंल."

ते तसेच ओल्या हातांनी साहेबांकडे धावले. साहेब भले होते, पण म्हणाले, निकाल लागला, आता तिची घेतली तर सगळ्यांचीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. ते होण्यासारखं नव्हतं.

मंडळी परतली तेव्हा मी स्टेशनवर होतो. उन्हानं तिघांचीही नाकं सोलवटली होती. पैलवान डब्यातूनच ओरडला, "जिवंत हाय!" हौसा उतरली, मला म्हणाली, "खालचा दर्जा मिळाला, भाऊ." आबा सगळ्यांत शेवटी उतरले. तिच्या वडिलांनी लेकीला वर-खाली न्याहाळलं, दोन्ही पाय बघितले आणि आबांचे हात धरून म्हणाले, "शब्द पाळलात. लय उपकार झाले." आबांचा चेहरा त्या वेळी ज्यानं पाहिला तो विसरणार नाही.

वैशाखात तिचं आंबीला लग्न झालं. आबा पंगतीत वाढत होते, स्वतः मात्र जेवले नाहीत.

त्यानंतर त्यांनी कुणाला हात वर करायला सांगितलं नाही. त्या वर्षी पेंढा पसरला नाही. त्यांच्या भावानं तो निमूट गंजीला लावला आणि स्वतःच मला येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, जरा बगा की त्याच्याकडं. शिव्या द्यायला बी मजा यीना झालीय." आमच्या मंडळात नवीन कुणी आलं आणि फळ्यांची चौकशी केली तर आबा म्हणत, "मला न्हाई सांगता यायचं." ह्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकणं फार जड जाई.

पुढच्या थंडीत एकदा ते सकाळीच माझ्या दारात उभे. खांद्यावर गोणपाटात बांधलेल्या लांब फळ्या. शेठजींना विचारून मागून घेतल्या होत्या. "आंबीला चला. एकट्याचा पाय निघंना."

एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, "ह्ये काय, तिरडीचं सामान काय आबा? कोण गेलं?"

"मीच," आबा म्हणाले. कंडक्टर हसला. मला हसू आलं नाही.

तळेगावला उतरून आम्ही आंबीपर्यंत चालत गेलो. गावाजवळ ओढ्याच्या उतारावरून बायका गवताचे भारे घेऊन येत होत्या. वाट दगडगोट्यांची, भारे डोक्यापेक्षा तिप्पट रुंद. आबा वाट सोडून बाजूला झाले आणि बघता बघता मटकन खाली बसले. मला वाटलं, त्यांना भोवळ आली.

"भाऊसाहेब, ते बगा."

पुढची बाई उतार उतरत होती. कमरेपासून वर सगळं स्थिर होतं. भारा एवढासाही हलत नव्हता. खाली गुडघे मात्र दगडागणिक वाकत होते, सरळ होत होते, पुन्हा वाकत होते. मीही तोवर असं कधी बघितलं नव्हतं, आणि हे दृश्य तर रोज आमच्या घरावरून जात असे.

"माझी आई अशी चालली, बायकू चालली," आबा हळू म्हणाले. "ही पोरगी आठव्या वर्सापासून माझ्या दारावरनं भारा घिऊन जायची. आन् गुडघं बगायला मी काश्मिरापातूर गेलो."

पुढची बाई हौसा होती. आम्हाला बघून तिनं भारा वाटेतच टाकला. "अगं बाई, आबा! आन् ह्या कशाला आणल्या?"

घरी सासूनं गोणपाट सोडून बघितलं. "लाकूड बरं हाय. गोठ्याच्या दाराला ताटी हुईल."

"आत्याबाई, ह्याची ताटी केली तर गोठा पळून जाईल," हौसा म्हणाली, आणि सासूसुद्धा हसली. चहा झाला. तिच्या नवऱ्यानं फळ्या कशा बांधतात ते विचारलं, हौसानं दाखवलं. आबांना जे बोलायचं होतं ते त्यांच्या ओठापर्यंत दोनदा आलं, मी पाहिलं. दोन्ही वेळेला त्यांनी चहाचा घोट घेतला.

"तुज्याकडंच राहू दे ह्या," शेवटी ते एवढंच म्हणाले.

"हितं वाळवी लागंल आबा. घिऊन जावा. दुसऱ्या कुणाला झेपतील."

"कुणाला, ते मला आता कळत न्हाई गं."

"मंग जिला पायजेत तिला घालून बगू द्या," ती म्हणाली. आवाजात धार नव्हती. निघताना ती वेशीपर्यंत आली आणि मागून म्हणाली, "आबा, त्या दिवशी दुपारी लय मजा आलती."

परतीच्या गाडीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. लोणावळा येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

ते आणखी दोन पावसाळे होते. छातीचं दुखणं निघालं आणि वाडीवरच गेले. पेंढा त्यांनी मधे एकदा पसरला होता. चार-पाच मुलगे आले. मुलगी एकही आली नाही. आबांनी सगळ्यांना सगळ्या फळ्या घालून बघू दिल्या आणि आपण बांधावर बसून राहिले.

दहाव्याला हौसा आली, कडेवर मूल. विधी आटोपल्यावर मला म्हणाली, "भाऊ, फळ्या कुटं हायेत?" बंगला तोवर विकला गेला होता. तरी मी म्हणालो, जाऊन बघू. ती मूल मावशीकडे ठेवून माझ्याबरोबर आली.

नव्या मालकांनी बंगल्याला रंग दिला होता. फळ्या फाटकातूनच दिसल्या. व्हरांड्याच्या भिंतीवर, फुली मारावी तशा, खिळ्यांनी ठोकलेल्या. चकचकीत व्हार्निश लावलेलं. वळलेली टोकं जमिनीकडे.

नवा रखवालदार फाटकाशी आला. "काय पाहिजे बाई?"

"त्या उलट्या लावल्यात," हौसा म्हणाली.

"शोभेच्या आहेत त्या. उलट्या काय, सुलट्या काय."

ती गजांतून बघत राहिली. मग पदर खोचला आणि वळली. एस.टी.ची वेळ होत आली होती. उताराचा रस्ता नुकताच खडी टाकून ठेवलेला, मी एकेक पाऊल जपून टाकत होतो. ती खाली वळणापाशी पोचली, थांबली, मी कुठवर आलोय ते तिनं पाहिलं, आणि पुन्हा चालू लागली. मला तिला गाठता आलं नाही.